धडा फुकट आहे, बोर्डिंग नाही

चि. मुली,

तुझा मेसेज वाचला. एका आठवड्यात सात फुकट ऑनलाइन कोर्सना नाव नोंदवलंस आणि आता विचारतेस, ‘सर, आधी कुठला करू?’ डेटाबेसचा ठेव, बाकीचे सहा सोडून दे.

या कोर्सना मी नावं ठेवतोय असं समजू नकोस. २०१२ साली एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावर अमेरिकेतल्या एमआयटीचा सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स आला, तेव्हा जगभरातून दीड लाखाच्या वर लोकांनी नावं घातली. मंगोलियातल्या पंधरा वर्षांच्या पोरानं पैकीच्या पैकी मार्क काढले. भाषणांत सगळे त्याचंच कौतुक सांगतात. पास झाले सात हजारांच्या आसपास, म्हणजे शंभरात पाचही नाहीत, हे सहसा कुणी सांगत नाही. बाकीचे काही ढ नव्हते गं.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. शाळा गावात होत्याच. खेड्यातल्या पोराला नव्हती ती राहायला जागा, दोन वेळचं जेवण, बरोबरीनं अभ्यासाला बसणारी चार पोरं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले ते पोरांच्या पोटासाठी. ऑनलाइन कोर्स तुला आयआयटीचा मास्तर घरात आणून देतो, पण हे बाकीचं काही देत नाही. ते तुझं तुलाच उभं करायचंय.

म्हणून दोन मैत्रिणींना याच कोर्सला बसव. रविवारी वाचनालयात भेटा आणि आठवड्याचा भाग एकीनं दुसरीला मराठीत समजावून सांगा. जिथं अडखळाल, तिथं समजलेलं नाही. घरी रेंज जाते म्हणतेस, तर एनपीटेलची, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या फुकट ऑनलाइन कोर्सांची, लेक्चर्स कॉलेजच्या वायफायवर उतरवून घे. इंग्रजी भराभर जात असेल तर वेग पाऊण कर, खालची अक्षरं चालू ठेव. लाजायचं काय त्यात!

आणि एनपीटेलच्या परीक्षेची फी भर. शिकणं फुकट असलं तरी ही फी वाचवू नकोस. खिशातले पैसे गेले की असाइनमेंटची तारीख आपोआप लक्षात राहते. बारा आठवड्यांच्या कोर्सला उत्तम आठ असाइनमेंट धरून पंचवीस टक्के मिळतात, उरलेले पंच्याहत्तर केंद्रावर बसून द्यायच्या परीक्षेला. तिथं कॉपी-पेस्ट चालत नाही, म्हणून त्या कागदाला थोडी तरी किंमत. बाकी सर्टिफिकेटांची माळ बघून मुलाखतीत कुणी भुलत नाही, ‘काय बनवलंस ते दाखव’ म्हणतात. कॉलेजच्या ग्रंथालयाचा डेटाबेस करून बघ.

‘फुकट’वर फार विसंबूही नकोस. ना-नफा म्हणून निघालेलं एडएक्स २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरला एका कंपनीला विकलं गेलं.

एनपीटेलचे कोर्स ज्या ‘स्वयं’ या सरकारी पोर्टलवर असतात, तिथल्या कोर्सची क्रेडिट्स पदवीत धरता येतात, पण कॉलेजनं मान्य केली तरच. कोर्स सुरू व्हायच्या आधी विभागप्रमुखांकडून लेखी घे. निकाल लागल्यावर गेलीस तर ‘बघू’ म्हणतील, आणि ते ‘बघू’ तुला ठाऊक आहे.

तुझे,
सर
सातारा