जपानमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याचं रोजचं आयुष्य कसं असतं?

दिवसा लेक्चर, संध्याकाळी पार्टटाइम, बहुतेकांचं हेच. स्टुडंट व्हिसावर कामाची वेगळी परवानगी काढावी लागते आणि ती मिळाली तरी कॉलेज चालू असताना आठवड्याला 28 तासच, त्यामुळे तिकडे कमवून सगळी फी भरू हा हिशोब डोक्यातून काढून टाका. जेवणाचं म्हणाल तर रात्री सुपरमार्केटमध्ये तयार डब्यांवर अर्ध्या किमतीचे स्टिकर लागतात, त्या टायमाला पोरं बरोब्बर हजर 😄 शाकाहारी असाल तर जपून, साध्या दिसणाऱ्या सूपमध्येपण माशाचा अर्क असतो. तूरडाळ, मसाले टोक्योत निशी-कासाईला मिळतात. कचरा वेगळा करून ठरलेल्या वारीच टाकायचा, नाहीतर पिशवी तशीच पडून राहते. दवाखान्याचं टेन्शन घेऊ नका, सरकारी विमा काढावाच लागतो, मग बहुतेक उपचारांचे 30 टक्केच आपण भरायचे.