इम्पोर्टच्या स्टिकरला भुलू नको भो

गाण्यांच्या सीडी-एलपीवर (एलपी म्हणजे मोठी रेकॉर्ड, तबकडी) इम्पोर्ट, म्हणजे बाहेरून आणलेली, असं लिहिलं की क्वालिटी भारीच असं काही नसतं भाऊ, बऱ्याचदा इथल्या कंपनीकडे त्या अल्बमचं लायसन्स नसतं नाहीतर खप इतका कमी की इथे काढणं परवडत नाही, मग बाहेरचाच माल आणून विकतात. जपानी सीडीत मात्र गाणं जास्त मिळू शकतं, कारण तिथे लोकल सीडी महाग अन् बाहेरून आलेली स्वस्त पडायची, म्हणून गिऱ्हाईक धरून ठेवायला बोनस ट्रॅक!

आत्ता एवढंच बघ:
- तो अल्बम इथल्या कंपनीनं काढलाय का ते आधी शोध, नवीन पोरं इथंच फसतात
- किमतीत कस्टम ड्युटी धरलीय का विचार
- एलपी मे महिन्यात मागवू नको, जळगावच्या उन्हात कुरियरच्या गाडीतच वाकडी होते

मॅट्रिक्स नंबर (रेकॉर्डवर मधल्या लेबलाजवळ कोरलेला नंबर) वगैरे नंतर सांगतो, आधी एक घे अन् ऐक.