राजीनाम्याआधी नऊ महिने थांबा

पत्र : ताई, मी गोव्यातल्या डिचोलीची, वय ३१, एमएस्सी केमिस्ट्री. वेर्ण्याच्या औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला सव्वाचार वर्षं झाली. सकाळी सहाला बस, घरी यायला रात्रीचे आठ. चवथीला (गणेश चतुर्थीला) गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायलाही घरी नव्हते. रविवार मावळला की छातीत धडधडतं. नवीन मुलांना एचपीएलसी (औषधातले घटक तपासायचं मशीन) शिकवते, तेवढाच काय तो बरा वेळ. सगळं सोडून बीएड करावंसं वाटतं. आई म्हणते, सरकारी लागेपर्यंत सोडू नको. आयुष्य असंच जायचं का?

उत्तर : तुमच्या पत्रात थकवा आणि कामातली निरर्थकता एकमेकांत मिसळली आहेत. त्या वेगळ्या केल्याशिवाय काही ठरवू नका. थकलेल्या माणसाला कुठलंही काम फोल वाटतं, आणि बीएडलाही तोच थकवा सोबत येतो.

आधी थकवा. तुमच्या १४ तासांत साडेआठ ड्युटीचे आणि तीन-साडेतीन बसचे धरले, तरी दोन तास उरतात. ते कुठे जातात हे दोन आठवडे वहीत लिहा : किती वाजता सुटलात आणि कशामुळे थांबलात. सॅम्पल उशिरा आलं, मशीन अडलं, की रिपोर्ट तपासणाऱ्याची वाट पाहिली? मग ती वही घेऊन साहेबांकडे जा आणि एकच गोष्ट मागा : आठवड्यातले दोन ठरावीक दिवस ड्युटी संपताच पहिल्या बसने घरी. ‘काम फार होतं’ म्हणालात तर ‘सगळ्यांनाच होतं’ हेच उत्तर मिळेल. तारखा समोर ठेवल्या की तसं म्हणणं अवघड जातं. चवथीच्या रजेचा अर्ज दोन महिने आधी, लेखी द्या. आयत्या वेळी सगळेच मागतात.

सोबत डिचोली, कुंडई, थिवी इथल्या औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांत अर्ज करा. पगार थोडा कमी मिळाला तरी रोजचा तासभर वाचला तर सौदा वाईट नाही.

आता शिकवण्याचं. अख्ख्या पत्रात आनंदाची ओळ ती एकच आहे आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. मात्र त्यावरून लगेच बीएड ठरत नाही. बीएड दोन वर्षांचं आणि पूर्णवेळ, म्हणजे तेवढा काळ पगार नाही, आणि पुढे शाळेत जागा मिळेलच असंही नाही. आधी तीन महिने रविवारी सकाळी दीड तास, बारावीच्या पाचच मुलांना रसायन शिकवून पाहा. पाचाची दहा झाली की सुट्टीचा एकुलता दिवसही संपतो, म्हणून आकडा वाढवू नका. मोल संकल्पना चौथ्यांदा समजावतानाही उत्साह टिकला, तर ओढ खरी. कंपनीतही प्रशिक्षणाचं काम असतंच. औषध कारखान्याला प्रत्येकाच्या ट्रेनिंगच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. ते काम मागा.

पैशाचं स्पष्ट सांगते. पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, हक्क लागतो : दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २४,००० असतील तर २४,००० × १५ ÷ २६ × ५, म्हणजे सुमारे ६९,२३० रुपये. तुमचे नऊ महिनेच बाकी आहेत, ते सोडू नका. पीएफही सलग पाच वर्षांआधी काढला तर त्यावर कर लागू शकतो. नवी नोकरी धरलीत तर काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकावर) ट्रान्सफर करा.

आईंचं म्हणणं काळजीपोटी आहे, पण सरकारी जाहिरातीची वाट पाहणं हा बेत होत नाही. जाहिरात आली की अर्ज जरूर करा, बाकीचं थांबवू नका.

छातीतल्या धडधडीला मात्र नऊ महिने देऊ नका. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. तपासणीत काही निघालं नाही आणि झोपही उडालेली असेल, तर बांबोळीच्या मनोरुग्ण संस्थेची ओपीडी आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन मोफत लागतो, रात्रीसुद्धा.