दाखल्याच्या अर्जावर सही करू नका

प्रश्न : माझा मुलगा ठाण्यातल्या एका मान्यताप्राप्त, विनाअनुदानित शाळेत दुसरीत आहे. त्याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. घंटा वाजली की कान दाबून बाकाखाली बसतो. शाळा म्हणते, स्वतःच्या खर्चाने पूर्णवेळ शॅडो टीचर (वर्गात मुलाशेजारी बसून मदत करणारी व्यक्ती) ठेवा, नाहीतर दाखला न्या. दाखल्याचा अर्ज त्यांनीच टाइप करून दिलाय. काय करू?

उत्तर : ताई, त्या अर्जावर सही करू नका. त्यात कारण म्हणून ‘घरगुती अडचण’ लिहिलंय का बघा. अशी प्रकरणं याच ओळीवर अडतात. उद्या शाळा म्हणणार, आम्ही कुठे काढलं, पालकच दाखला घेऊन गेले!

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शाळेला अल्पसंख्याक दर्जा असेल तर मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे हा कायदा तिला लागू होत नाही. तेवढं आधी तपासा.

तसं निघालं तरी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आहेच. मान्यताप्राप्त शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्यात, हे त्यातल्या कलम १६ मध्ये आहे. वाजवी सोय नाकारणं म्हणजेच भेदभाव, अशी या कायद्याची व्याख्या आहे. घंटेपासून लांबचा वर्ग, कानाला हेडफोन, दंगा वाढला की दहा मिनिटं शांत कोपरा : यात शाळेचा काय खर्च होतो?

शॅडो टीचरचं तितकं सरळ नाही. ‘अवाजवी बोजा’ पडत असेल तर ती सोय वाजवी ठरत नाही, आणि शाळेचे वकील नेमकं तिथेच बोट ठेवतील. पण ‘तुम्ही पगार द्या, तरच मुलगा वर्गात बसेल’ ही अट माझ्या मते टिकणार नाही. विशेष शिक्षक नेमणं हे व्यवस्थेचं काम आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलंय.

आता मुख्याध्यापकांना पत्र द्या. डॉक्टरांचा अहवाल जोडा, हव्या असलेल्या सोयी एकेक करून लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेल करून टाका. डायरीत बाईंनी लिहिलेल्या ‘आज पुन्हा त्रास दिला’ अशा शेऱ्यांचे फोटो काढून ठेवा. शाळेला अडचण माहीत होती, याचा तोच पुरावा.

पत्राचा उपयोग झाला नाही तर शिक्षणाधिकारी आणि पुण्यातले राज्य दिव्यांग आयुक्त, दोघांकडे तक्रार करा. आयुक्तांना समन्स काढण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. पण ते शेवटी शिफारस करतात. ती कोणी धाब्यावर बसवली तर उच्च न्यायालय.

आणि सिव्हिल हॉस्पिटलमधून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून घ्या. वाजवी सोय मागायला किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट नाही, मोफत शिक्षणाच्या हक्कासाठी मात्र आहे. तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा याच आठवड्यात नाव नोंदवा.