बाळाला एक्झिमा आहे, म्हणजे पुढे दमा होणारच का?

तुमच्या सात महिन्यांच्या मुलीला एक्झिमा (कातडी कोरडी पडून खाजणारे लाल चट्टे) आहे, घरचे म्हणतात ‘आता पुढे दमा लागणार’, आणि हल्ली ॲलर्जी इतक्या जणांना का असते, असं तुम्ही विचारलंय. आधी भीतीबद्दल बोलते. दमा होणारच असं अजिबात नाही. लहानपणी एक्झिमा असलेल्या मुलांपैकी साधारण तिनातल्या एकाला पुढे दमा होतो. म्हणजे धोका इतर मुलांपेक्षा जास्त आहे, पण बहुतेक मुलं त्यातून सुटतात.

मी डॉक्टर नाही, आई आहे. माझ्या मुलाला चौथ्या महिन्यात गालांवर लाल, ओलसर चट्टे आले. रात्री तो झोपेतच गाल गादीवर घासायचा आणि सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. हातांना मोजे घालून झोपवलं तर दातांनी मोजे ओढायला शिकला. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आले आहे.

ॲलर्जी किती जणांना असते? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात २६ कोटींहून जास्त लोकांना दमा होता. (सगळाच दमा ॲलर्जीचा नसतो, पण मुलांमधला बराचसा असतो.) नाकाच्या ॲलर्जीचे लोक त्याहूनही जास्त आहेत, आणि श्रीमंत देशांत जवळपास पाचातल्या एका मुलाला कधी ना कधी एक्झिमा होतो. यांची बेरीज मात्र करू नका, कारण एकाच माणसात दोन-तीन आजार एकत्र सापडतात.

ते एकत्र का येतात, हे कळलं तेव्हा मला खूप गोष्टी उलगडल्या. डॉक्टर याला ‘ॲटॉपिक मार्च’ म्हणतात: पहिल्या वर्षात एक्झिमा आणि अंडं, दूध, शेंगदाणा अशा पदार्थांची ॲलर्जी, शाळेच्या वयाच्या आसपास दमा आणि शिंका. पूर्वी वाटायचं की पोटात काहीतरी जातं आणि ते कातडीवर उठतं. बऱ्याच मुलांमध्ये गोष्ट उलटी असते. कातडीचा बांध आधीच कच्चा असतो. तो पक्का ठेवणाऱ्या फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातले दोष एक्झिमाशी जोडलेले आहेत, हे २००६ मध्ये दिसलं. घरातल्या धुळीत अन्नाचे कण असतातच. ते फाटलेल्या कातडीतून आत शिरले की शरीर त्यांना शत्रू समजतं आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. त्या वेळी बाहेरून काहीच दिसत नाही. पुढच्या खेपेला तोच पदार्थ आला, की काही मिनिटांत शरीरात हिस्टामिन नावाचं खाज-सूज आणणारं रसायन सुटतं आणि अंगावर गांधी उठतात.

तोच पदार्थ तोंडावाटे लवकर पोटात गेला तर शरीर बहुधा त्याला आपला मानायला शिकतं. मुलांच्या ॲलर्जीचे डॉक्टर गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांवर हे तपासलं. ४ ते ११ महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू केलेल्या मुलांमध्ये पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी कित्येक वर्षं आयांना नेमकं उलटं सांगितलं जायचं, आणि मीही भीतीपोटी बरंच काही टाळलं होतं, याचं अजून वाईट वाटतं. पण तुमच्या मुलीचा एक्झिमा जोरात असेल किंवा एखाद्या पदार्थाने तिला आधी त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. अख्खा दाणा तर देऊच नका, घशात अडकतो.

हल्ली प्रमाण का वाढलं, याला एकच कारण नाही. ब्रिटिश संशोधक डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ मध्ये दाखवलं की ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागकणांचा त्रास कमी. लहानपणी जंतूंशी ओळख कमी होणं हा एक धागा आहे, पण त्याचा अर्थ हात धुऊ नका असा नाही.

ॲलर्जीसाठी करतात त्या रक्त तपासणीबद्दल एक सांगते. ‘पॉझिटिव्ह’ आलं म्हणजे ॲलर्जी आहेच असं नव्हे. तो पदार्थ खाऊन त्रास होतो का, हे महत्त्वाचं. नुसत्या कागदावरून दूध-अंडं बंद केलेली, वजन न वाढणारी मुलं मी पाहिली आहेत. दूध आणि अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांची वाढत्या वयात जाते. शेंगदाण्याची मात्र थोड्यांचीच जाते.

आता काय करायचं? अंघोळीनंतर अंग हलकं टिपून लगेच सुगंध नसलेलं मलम भरपूर लावा. निरोगी बाळाला मलम चोपडून एक्झिमा टळतो का, हे मोठ्या चाचण्यांत तपासलं गेलं आणि टळला नाही. झालेला मात्र त्याने आटोक्यात राहतो. डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलं तर घाबरून अर्ध्यात सोडू नका. मी सोडलं होतं, आणि चट्टे दुप्पट जोराने उलटले.

माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. कातडी पाचव्या वर्षी बरीच निवळली, सकाळच्या शिंका राहिल्या, दमा झालेला नाही. तुमच्या मुलीला काही खाल्ल्यावर ओठ सुजले, सारख्या उलट्या झाल्या, आवाज बसला किंवा श्वासाला घुरघुर लागली, तर घरात वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.