मळमळ थांबली, तर काय होईल?

"मॅडम, व्यायाम झाला की मळमळून येतं. पोटात तर काहीच नसतं, मग हे कशामुळे?" गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की समोरची व्यक्ती 'व्यायाम' म्हणाली की पुढचे शब्द मला ठाऊक असतात. गुढीपाडव्याला केलेला वजन उतरवण्याचा संकल्प आणि नागपूरचे ऊन यांची गाठ एप्रिलमध्ये पडते, आणि त्या सुमारास विचारणारे वाढतात. माझ्यासारख्या मानसिक समुपदेशकाकडे हे लोक डॉक्टरांचे सारे अहवाल चांगले आल्यावर येतात आणि तोच क्रम योग्य आहे. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, गरज वाटल्यास ईसीजी आणि पाळी लांबली असल्यास गर्भधारणेची चाचणी झाल्याशिवाय मी अशा तक्रारीवर बोलायला बसत नाही.

माधवी (नाव आणि तपशील बदलले आहेत) अशीच सारे अहवाल घेऊन आली. वय ३९, बँकेत रोखपाल. संध्याकाळी सातला एक वाटी सूप आणि काकडी, पहाटे उपाशीपोटी काळी कॉफी आणि साडेपाचला अंबाझरी तलावाच्या बाजूला चाळीस मिनिटे धावणे, त्यानंतर दोरीवरच्या उड्या. शेवटच्या उड्यांच्या वेळी तोंडात पाणी जमू लागे, कपाळावर थंड घाम येई आणि ती धपकन बाकावर बसून रुमालात बांधून आणलेली लिंबाची फोड हुंगत राही. दोन महिने हे असेच चालले होते.

पहिल्या भेटीत मी तिला शरीराची बाजू सांगितली. जोराच्या व्यायामात रक्त स्नायूंकडे आणि अंग थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे वळते, त्यामुळे जठर-आतड्यांच्या वाट्याला ते कमी येते. अशा वेळी पोटात नुकतेच खाल्लेले असेल तर ते तिथेच रेंगाळते. उलट दहा-अकरा तासांचा उपास असेल तर रक्तातील साखर उतरू शकते आणि रिकाम्या पोटातील कॉफी जळजळ वाढवते. पळता पळता एकदम थांबून बसले की पायांत उतरलेले रक्त वर यायला वेळ लागतो आणि गरगरते. त्यात घामाने पाणी आणि मीठ गेलेले असते. व्यायामाआधी अर्धे केळे खा, एवढेच मी सुचवले. तिने मान डोलावली आणि पुढच्या तीनही भेटींना केळे न खाता आली.

सल्ला बरोबर होता. तो कुठे अडला आहे हे शोधणे माझे काम होते. मी ज्या विचारपद्धतीत शिकले, तिच्यात घटनेपेक्षा माणसाने त्या घटनेला दिलेल्या अर्थाकडे आधी पाहतात, आणि इतक्या वर्षांत ही वाट मला फारशी चुकीची ठरलेली दिसली नाही. चौथ्या भेटीत तिने पर्समधून छोटी डायरी काढून दाखवली. प्रत्येक तारखेपुढे व्यायामाची एक बरोबरची खूण होती. काही तारखांपुढे मात्र दोन होत्या.

"या दोन कशाच्या?"

"त्या दिवशी मळमळलं होतं."

मी काही क्षण गप्प राहिले आणि मग विचारले, "समजा, उद्यापासून मळमळ थांबली. काय होईल?"

"बरं वाटेल."

"आणि?"

ती बराच वेळ रुमालाचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग ती अगदी हळू म्हणाली, "मग मला भूक लागेल, मॅडम."

हे वाक्य ऐकल्यावर मी वहीत काहीच लिहिले नाही. जी तक्रार घालवण्यासाठी ती माझ्याकडे आली होती, तीच तिच्या स्वयंपाकघराच्या दारावर पहारा देत होती. घरचे सगळे तर्री-पोहे खात असताना तिला वाससुद्धा नको होई, अकरा वाजेपर्यंत डबा उघडावासा वाटत नसे आणि ती स्वतःला त्या दिवसापुरती सुटलेली समजे. लहानपणी एका पंगतीत कुणीतरी म्हणाले होते, "किती खाऊन राहिली ही!" त्या दिवसापासून भूक आणि हावरटपणा तिच्या लेखी एकच झाले होते. केळे तिच्या गळ्याखाली का उतरत नव्हते, ते मला तेव्हा कळले. हा प्रश्न मी दुसऱ्याच भेटीत विचारायला हवा होता, असेही तेव्हाच वाटून गेले.

मी तिच्या कामाकडे वळले. "संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर तुम्ही रोकडीला शिक्षा करता का?"

ती हसली. "नाही. नोंदी तपासते."

"मग भूक लागली तर?"

तिथून पुढचे काम सोपे नव्हते, पण सरळ होते. पहाटे पाचला अर्धे केळे, मग अर्धा तास थांबणे, बोलता येईल एवढ्याच वेगाने धावणे, शेवटी दहा मिनिटे सावकाश चालणे, पाणी घोटाघोटाने, परतल्यावर तासाभरात अंडे किंवा मोड आलेली मटकी आणि ज्वारीची भाकरी. भरपेट जेवण आणि व्यायाम यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम पुरेसा मानते. ओकारी येईपर्यंत पळा, असे ती कुठेही सांगत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा, ऊन चढल्यावर धावू नका, हे मला नागपूरकरांनाही सांगावे लागते, याचे नवल वाटते.

मात्र मळमळीसोबत छातीत दुखणे किंवा दडपण, धाप लागणे, हात-जबड्यात कळ किंवा घेरी आली, तर व्यायाम तिथेच थांबवून लगेच रुग्णालय गाठावे. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायामाचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पाळी बंद झाली असेल किंवा खाल्लेले मुद्दाम ओकून काढले जात असेल, तर हे प्रकरण केळ्याने सुटणारे नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञांची मदत हवी.

माधवीची मळमळ तिसऱ्या आठवड्यात थांबली. पाच आठवड्यांत वजन दीड किलोच उतरले, यावर ती माझ्याशी जवळजवळ भांडली आणि ती पूर्ण भेट त्यातच गेली. जाताना तिने डायरी पुढे केली. दोन खुणा कुठेच नव्हत्या. एका तारखेपुढे रोखपालाच्या नेटक्या अक्षरात लिहिले होते: 'भूक लागली, ८.१०.'