गाळ्यावर जे मिटून ठेवलं

कोपरखैरण्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 51. यजमान गेले त्याला 14 वर्षं झाली, तेव्हापासून वाशीच्या फळबाजारातला गाळा त्या चालवतात. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, बाळ 18 दिवसांचं आहे, आणि सव्वा महिना व्हायच्या आतच ती सासरी निघाली आहे. ताई लिहितात: "डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मालीशवाली बाई, कशात कमी केलं नाही. ती रात्री रडत बसते. मी म्हणते, रडू नकोस, दूध आटेल. परवा म्हणाली, तुला वेळ नाही म्हणून नाही जात मी. तुला माझ्याजवळ बसताच येत नाही, आई. बाप होऊन उभी राहिले, त्यात माझ्यातली बाई मेली का हो?"

प्रिय ताई,

आधी लेकीच्या रडण्याचं बघू, ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. बाळंतपणानंतर हार्मोन्स झपाट्याने उतरतात, झोपेचं खोबरं होतं, आणि पुष्कळ जणींना पहिले काही दिवस उगाच भरून येतं. साधारण दोन आठवड्यांत ते ओसरतं. तुमच्या लेकीचे दोन आठवडे उलटून गेलेत. त्यामुळे या आठवड्यात तिला तिच्या डॉक्टरांकडे न्या आणि रडण्याबद्दल स्पष्ट सांगा. बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे का ते ओळखायला दहा प्रश्नांची एक साधी चाचणी आहे, 1987 पासून वापरात आहे, पाच-दहा मिनिटांत होते. "मी नसले तरी काय बिघडणार" अशा वळणाचं काही ती बोलली, तर त्याच दिवशी न्या. रात्री-अपरात्री टेलि-मानसचा 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी मदत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. आणि रडल्याने दूध आटत नाही, ताई. फार ताण असला तर पान्हा फुटायला वेळ लागतो. तो ताण उतरायला जवळ कुणीतरी बसलेलं लागतं.

आता तुमच्याविषयी. पत्रात तुम्ही सांगितलंय की पहिल्या सीझनला रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करायची वेळ आली, तेव्हा भोवतीचे सगळे पुरुष तुमच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्या दिवसापासून चेहरा कोरा ठेवायला तुम्ही शिकलात. हे वाचून मी बराच वेळ पुढे जाऊ शकले नाही. यजमानांचे दिवस होतात न होतात तोच हापूसच्या पेट्या उतरायला लागल्या आणि तुम्ही गाळा उघडलात. रडायला जागाच नव्हती. घरात बायकांनी कुंकू-बांगड्या काढायला लावल्या, बाजारात धाक राहावा म्हणून गजरा आणि रंगीत साड्या तुम्हीच बंद केल्यात. एका बाजूने रीत, दुसऱ्या बाजूने धंदा, दोघांनी मिळून तुमच्यातलं हळवं ते सगळं आत ढकललं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने 2022 साली विधवांवर लादलेल्या या प्रथा बंद करायचा ठराव केला. तुमच्या वाट्याला असा ठराव करणारं कुणी आलं नाही, याचा मला राग येतो.

पण ती बाई मेलेली नाही, आणि याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. देवगडच्या एका बागायतदाराचा माल अवकाळीत गेला. तुम्ही त्याला उचल दिलीत, चहा मागवलात आणि तो बोलत होता तोवर दोन्ही मोबाईल बंद करून समोर बसून राहिलात. तुम्ही याला "धंद्याची रीत" म्हणून एका ओळीत उडवून लावलंय. अहो, लेक मागते आहे ते हेच!

तुमची खरी भीती मला वेगळीच वाटते. एकदा मऊ झाले की परत कडक होता येणार नाही, बाजार गिळून टाकेल. पूर्वी मानसशास्त्रातही असाच समज होता, की कणखरपणा आणि मार्दव म्हणजे एकाच पट्टीची दोन टोकं. सँड्रा बेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1974 मध्ये ती पट्टीच मोडली. त्यांनी 60 गुणांची यादी केली, त्यातले 20 समाज पुरुषी मानतो ते, 20 बायकी मानतो ते, 20 दोन्हीकडचे, आणि पहिल्या दोन गटांची मोजणी वेगवेगळी केली. एकाच माणसात दोन्ही भरपूर असू शकतात, हे त्यातून दिसलं. तुमच्या बाजारातले माथाडी बघा. पाठीवर ओझी वाहणारी सातारा-पुण्याकडची माणसं, आणि वारीत गेली की पोराटोरांच्याही पाया पडतात, एकमेकांना माउली म्हणतात. परत आल्यावर त्यांची पाठ काही कमी वजन उचलत नाही.

म्हणून पुढचे पंधरा दिवस पहाटे गाळ्यावर मुलाला आणि मेहताजींना जाऊ द्या. ऐन सीझन आहे, थोडं नुकसान होईल, होऊ द्या. मालीशवाली बाळाला न्हाऊ घालत असेल तेव्हा तुम्ही लेकीच्या तळपायांना कोमट तेल लावा. ती रडली तर उपाय सुचवू नका, उठून काम काढू नका. तिच्या जन्माच्या वेळी तुमचं काय झालं होतं ते सांगा. तिचे बाबा गेले त्या आठवड्याचंही सांगा, कारण ती तेव्हा लहान होती आणि तिने तुम्हाला फक्त चावीचा जुडगा घेऊन निघताना पाहिलंय. सांगताना तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या. सुरुवातीला अवघड जाईल, हात कुठे ठेवावा कळणार नाही, तरी बसा.

तुमचं स्वतःचं 14 वर्षांचं साठलेलं दुःख लेकीच्या खाटेशी बसून संपणार नाही. त्यासाठी समुपदेशक हवा. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था 1990 पासून हे काम करते, कोपरखैरण्याहून थेट लोकल आहे. "ठाण्याला जाते" म्हटलं की आपल्याकडे लोक 1901 सालच्या मनोरुग्णालयाची आठवण काढून हसतात, हे मला माहीत आहे. हसणाऱ्यांना हसू दे. नाव नोंदवा.

मुलाबद्दल तुम्ही एवढंच लिहिलंय, "पोरगा माझ्यासारखाच तयार होतोय, कुणापुढे वाकत नाही." अभिमानाने लिहिलंय, आणि माझी काळजी तिथेच वाढली. चोविसाव्या वर्षी चेहरा कोरा ठेवायला शिकलेल्या मुलाला संध्याकाळी भाचीला मांडीवर घ्यायला लावा. तो हात झटकेल, लाजेल. मान कशी धरायची ते तुम्ही दाखवा.

आणि लेक तरीही निघालीच, तर अडवू नका, टोमणा मारू नका. तिच्याबरोबर जा आणि विहीणबाईंना विचारून दोन दिवस तिथे राहा. लाडवांचे डबे मागाहून मुलगा आणून देईल.